तिकडं खेळायला नको

आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक माझ्या मित्राच्या घरी जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या हातावर पाणी मी घातलं. सर तीन भाकरी जेवले. रस्सा दोनदा मागून घेतला. मित्राची आई, जिला मी लहानपणापासून मामी म्हणत आलो, चुलीपुढून उठून दारात येऊन बघत होती की शहरातला माणूस आपल्या हातचं खरंच खातोय का. खातोय म्हटल्यावर ती आत गेली आणि चौथी भाकरी थापायला बसली.

आमच्याकडे माणूस घरात बसून जेवला की शब्द दिल्यासारखं असतं. कुणी तसं बोलून दाखवत नाही, पण सोयरीक असो, बैलाचा सौदा असो की वाटणी, ताटावर बसलेला माणूस नंतर फिरत नाही, असं धरून चालतात. त्यामुळे त्या दिवशी सरांना कुणीच काही विचारलं नाही. पोरगं खेळणार कधी, त्याचं नाव कुठं लागणार, कागद परत कधी मिळणार, काहीच नाही. सरांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मित्राच्या वडलांना म्हणाले, "मामा, आता हे पोरगं तुमचं नाय, माझं."

मामांनी कोनाड्यातून बियाण्याच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात दहावी-बारावीचे मार्कमेमो होते, जातीचा दाखला होता, बी.ए.च्या दोन वर्षांचे निकाल होते आणि आदल्या दिवशीच खुलताबादच्या कॉलेजातून भांडून आणलेली टीसी होती. सगळे मूळ कागद. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "झेराक्स काढून घ्यायच्या का रं आधी?"

मी म्हणालो, "कशाला मामा? सरांजवळ आहेत म्हणजे तिजोरीत आहेत."

हे मी मनापासून म्हणालो होतो.

माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बारावीनंतर मला वडलांबरोबर शेतातच उतरायचं होतं. सरांनी मला तालुक्याच्या फुटबॉल स्पर्धेत गोलमध्ये उभं असलेलं पाहिलं आणि शहरातल्या त्यांच्या कॉलेजात खेळाडूच्या कोट्यातून प्रवेश दिला. पडेगावच्या बाजूला खेळाडूंचं हॉस्टेल होतं, तिथं कॉट दिली. माझ्या पायात पहिले बूट आले ते सरांनी कपाटातून काढून दिलेले, आधीच्या कुणाचे तरी, एक नंबर मोठे. पुढं कागदाचा बोळा करून मी त्यांच्या टोकात कोंबला आणि तीन वर्षं खेळलो. आज मी बिडकीनच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. माझ्या पगारावर बहिणीचं शिक्षण झालं. हे सगळं सरांमुळे. ते मी नाकारलं तर मला माझीच लाज वाटेल.

मित्र माझ्यापेक्षा कितीतरी चांगला गोलकीपर होता. हे मला शाळेपासून माहीत होतं. त्यांच्याकडे शेरडं-मेंढरं. दगडी गडग्याला जिथं खिंडार असेल तिथं तो हात पसरून उभा राहायचा आणि पन्नास जनावरांतली एकही शेळी त्याला चुकवून जायची नाही. शेळी कुठल्या बाजूला उडी घेणार हे त्याला तिच्या मानेवरून कळायचं. पुढं खुलताबादच्या मैदानावर मोमीन आळीची पोरं आम्हाला खेळायला घ्यायला लागली, तेव्हा तो पेनल्टी मारणाऱ्याच्या मानेकडे बघायचा. मी चेंडूकडे बघायचो. एवढाच फरक होता, आणि तो मला कधीच भरून काढता आला नाही.

मी शहरात गेलो. जनावरं सोडून जाता येईना म्हणून तो खुलताबादच्याच कॉलेजात राहिला. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांची आणि आमची गाठ पडली. आमच्याकडे निवडून आणलेली पोरं, एकसारखे टी-शर्ट, थंड पाण्याचा जार. ते टेम्पोच्या हौद्यात उभे राहून घाट उतरून आलेले. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्या आल्या. त्याने आमच्या तीन अडवल्या. मी त्यांची एकही अडवली नाही.

हॉस्टेलवर परत आल्यावर सर कुणाला रागावले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावून फक्त विचारलं, "तुझ्या गावचा आहे ना रे तो?"

"व्हय सर. बाजूच्या वस्तीवरचा."

"पुढच्या वर्षी आपल्याकडे पाहिजे."

मी लगेच हो म्हणालो. तो आला की गोलमध्ये तोच उभा राहणार, हे मला कळत होतं. सर म्हणाले होते की तुला बचावात खेळवू. मला ते पटवून घ्यायला थोडा वेळ लागला, पण मी पटवून घेतलं. सरांनी इतकं केलं, आपण एक जागा सोडायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय त्याचंही भलं होणार होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की निळा कोट मिळतो, त्याला आमच्यात कलर म्हणतात. कलर असला की बी.पी.एड.ला जागा मिळणं सोपं होतं आणि नोकरीच्या अर्जात खेळाडूचा रकाना भरता येतो. मित्राला शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं होतं. कलरशिवाय त्याला बी.ए.च्या पुढं शिकवणं त्याच्या घरात शक्य नव्हतं, म्हणजे कलर मिळवायला त्याच्या हातात ते एकच वर्ष होतं. आणि कॉलेजकडून खेळल्याशिवाय विद्यापीठाच्या निवड चाचणीला उभं राहता येत नाही. हे त्याला मीच समजावून सांगितलं होतं, त्यांच्या गोठ्यात बसून.

तो म्हणाला होता, "इथं बी खेळूनच उभं राहता येतंय की."

मी म्हणालो, "इथल्या पोराकडं निवड समितीवाले बघतात व्हय? आमच्या सरांचा शब्द चालतो तिथं."

तेही मी मनापासून म्हणालो होतो.

जुलैत तो आला. पत्र्याची पेटी, घोंगडी आणि मामीने दिलेला लसणाच्या चटणीचा डबा. हॉस्टेलमधल्या शहरी पोरांनी मला आधीच 'खुलताबाद' नाव ठेवलं होतं. आता दोन झाल्यावर आमच्या कॅप्टनने त्याला पहिल्याच दिवशी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"क्या मियाँ, ये खुलताबाद नंबर दो?"

"हौ," मी म्हणालो.

"बकरियाँ लाया क्या साथ में?"

सगळे हसले. मित्रही हसला. म्हणाला, "नाय आणली. इथं हायेत म्हणले चिक्कार." त्यावर कॅप्टन सगळ्यांत मोठ्याने हसला आणि त्याला आपल्या शेजारची कॉट दिली. पहिल्याच आठवड्यात सरावात त्याने कॅप्टनच्या सहा पेनल्ट्यांपैकी चार अडवल्या. मी बचावात उभा राहून बघत होतो. एखादी तरी त्याच्या हातून सुटावी, असं मला वाटत होतं. पण ते माझ्यापुरतं होतं, तोवर.

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत गुरुजींनी पट्टीने मारून मारून केलेलं. कॉम्प्युटरही मला थोडाफार यायचा. त्यामुळे खेळाडूंचे पात्रता अर्ज भरायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, फोटो चिकटवायचा, प्राचार्यांचा सही-शिक्का घ्यायचा आणि ठरलेल्या तारखेच्या आत विद्यापीठात पोचवायचा. तारीख गेली की तो खेळाडू त्या वर्षापुरता संपला. एका संघाचे अठराच अर्ज. मित्राचा अर्ज मी सगळ्यांत आधी भरला आणि त्याचा फोटो जरा जास्तच जपून चिकटवला.

शेवटची तारीख शनिवारी होती. सोमवारी दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अर्जांचा गठ्ठा त्यांच्यापुढं होता. त्यांनी मित्राचा अर्ज गठ्ठ्यातून काढला आणि टेबलाच्या खणात टाकला.

"याच्या जागी त्या नव्या पोराचा घाल. अठरा झाले पाहिजेत."

मला वाटलं अर्जात माझी काही चूक झाली. मी म्हणालो, "सर, काय राहिलं का त्यात? पुन्हा भरतो."

"काही राहिलं नाही. खुलताबादवाल्यांनी विद्यापीठात तक्रार टाकलीय, पोरगं फूस लावून नेलं म्हणून. याला मैदानात उतरवला की ते आक्षेप घेणार आणि अख्खी टीम बाद व्हायची वेळ येणार. बसवून ठेवला की तक्रार तिथंच मरते."

मी खणाकडे बघितलं. मग विचारलं, "मग सर, त्याची टीसी परत देऊन… अजून पाच दिवस हायेत. तिकडचे सर दोन शिव्या घालून घेतील त्याला."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते. समजावून सांगावं तसं म्हणाले, "परत पाठवू? आणि पुन्हा तीन पेनल्ट्या अडवून घेऊ? अरे, तो इकडं खेळला काय आणि नाही खेळला काय. तिकडं खेळायला नको, तेवढ्यासाठी आणलाय त्याला."

मग चष्मा लावून म्हणाले, "आणि तुझ्या डोक्यात कसं येत नाही? गोलमध्ये आता तूच आहेस. या वर्षी तुझा कलर होतो बघ."

मी नव्या पोराचा अर्ज भरला. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

सोमवार ते शनिवार. या पाच दिवसांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सरांनी मला गप्प राहा असं म्हटलं नव्हतं. त्यांना त्याची गरजच वाटली नसणार. मंगळवारी सकाळी नळावर दात घासताना मित्राने विचारलं, "फॉर्म गेला का रं माझा?"

मी चूळ भरली. थुंकलो. "गेला."

"सही झाली ना पण प्रिन्सिपलची?"

"झाली की."

बुधवारी तो माझ्या बुटांकडे बघून म्हणाला की तुझे बूट मोठे हायेत, कागद घालण्यापेक्षा दोन मोजे घाल, आणि स्वतःचे मोजे काढून दिले. गुरुवारी आम्ही दोघं सायकलवर छावणीतून परत येत होतो. तो मागं बसला होता आणि निवड चाचणीत समितीचे लोक काय काय बघतात ते विचारत होता. मी सांगत होतो. शुक्रवारी मी अर्ज विद्यापीठात नेऊन दिले. शनिवारी सुट्टी घेऊन तो वस्तीवर गेला आणि आल्यावर म्हणाला की आयनं तुला भाकरी बांधून दिलीय.

त्या पाच दिवसांत एक वाक्य बोलायचं होतं. ते मी का बोललो नाही याची मी पुष्कळ कारणं स्वतःला दिली आहेत. सरांचे उपकार होते. हॉस्टेलची कॉट जाईल ही भीती होती. ती सगळी खरी आहेत. पण मला गोलमध्ये उभं राहायचं होतं, हे त्या सगळ्यांच्या खाली होतं आणि ते त्यांच्यापेक्षा जास्त खरं होतं.

स्पर्धेत आमचा पहिला सामना खुलताबादशीच पडला. मैदानाजवळ उभं राहून सरांनी यादी वाचली. अठरा नावं. मित्राने किट घातलेलं होतं, हातमोजे दातांनी ओढून घट्ट करत होता. यादी संपली तरी तो सरांकडे बघत राहिला, अजून एक नाव राहिलंय असं वाटून.

"सर, माझं?"

"तुझं तांत्रिक कारणानं अडकलंय. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी नसतोय सर."

"मग आज पाण्याचं बघ."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधत होतो. आधीच बांधलेली होती, ती सोडून पुन्हा बांधली.

खुलताबादकडे गोलकीपर नव्हता. त्यांनी एका बचावातल्या पोराला उभं केलं होतं. तो चेंडू आला की डोळे मिटायचा. हाफटाइमपर्यंत चार गोल झाले होते. आमची पोरं मग मुद्दाम लांबून मारायला लागली, त्याला पळवायला. एकदा चेंडू त्याच्या तोंडावर बसला आणि नाकातून रक्त आलं, तर आमच्याकडून टाळ्या पडल्या. मित्र सीमारेषेच्या बाहेर पाण्याच्या जारपाशी आमचा टी-शर्ट घालून उभा होता. त्याच्या जुन्या संघातलं एक पोरगं थ्रो घ्यायला तिकडं आलं आणि चेंडू हातात धरून म्हणालं, "काय रं, किती भाकरीला गेलास?"

त्याने वाकून जारचं झाकण लावलं. आमचा कॅप्टन पळता पळता ओरडला, "अबे, उसकू मत छेड़ो, आज का बेस्ट प्लेयर वहीच है! बिना खेले जिता दिया!"

सगळ्यांत मोठ्याने आमचे सर हसले. माझ्याकडे पूर्ण सामन्यात दोनदा चेंडू आला. दोन्ही वेळा हळू आला. मी धरला.

आठ-शून्य. त्या स्पर्धेत आम्ही जिंकलो आणि माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. समितीपुढं सरांचा शब्द खरोखरच चालला.

त्यानंतर महिनाभरात हॉस्टेलच्या कॉटची यादी नव्याने लागली. न खेळणाऱ्याला खेळाडूंच्या हॉस्टेलात जागा नाही, असा नियम होता, आणि तो पूर्वीपासूनच होता. मित्राने पेटी उचलली. शहरात भाड्याने खोली करणं त्याच्या घरच्यांना परवडणारं नव्हतं. खुलताबादच्या कॉलेजात त्या वर्षी त्याला आत घेईनात, आणि दुसरीकडं कुठं बघायचं तर टीसी पाहिजे. तो दोनदा कॉलेजात आला. दोन्ही वेळा सरांनी मलाच बाहेर पाठवलं.

"सांग त्याला, क्लार्क रजेवर आहे."

क्लार्क आत डबा खात होता. मी बाहेर जाऊन सांगितलं.

तिसऱ्यांदा मामा स्वतः आले. पांढरा पटका, धुतलेलं धोतर, हातात भाकरीचं फडकं. सरांच्या केबिनबाहेरच्या बाकावर तासभर बसले. सर आले तेव्हा उठून उभे राहिले.

"वळखलं का सर?"

सरांना ओळखता आलं नाही. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी येत असतं. मामांनी आठवण दिली, "आमच्या वस्तीवर जेवला व्हतात. रस्सा आवडला व्हता तुम्हाला."

"हां, हां! काय चव होती! वहिनींना सांगा हं." सर माझ्याकडे वळले. "यांचं काय आहे ते बघ रे."

स्पर्धा संपल्या होत्या. आता कागद देण्यात काहीच अडचण नव्हती; मामांची ती प्लास्टिकची पिशवीही कपाटातून निघाली. क्लार्कच्या हाताला लागलं होतं म्हणून टीसी मीच लिहिली. त्यात कॉलेज सोडण्याचं कारण असा एक रकाना असतो. मी क्लार्कला विचारलं काय लिहू. तो म्हणाला, लिही नेहमीचं. मी लिहिलं: घरगुती अडचण. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, पिशवीत घातला, आणि फडक्यातली भाकरी माझ्या हातात दिली. म्हणाले, "तू व्हतास म्हणून झालं बाबा. नायतर या लोकांत आम्हाला कोण विचारतं."

मित्राचं बी.ए. राहिलं ते राहिलंच. मी निळा कोट घालून फोटो काढला, तो अजून आमच्या घरात टीव्हीच्या वर आहे. बी.पी.एड.ला माझा नंबर लागला, पुढं नोकरी लागली. सरांच्या निरोप समारंभात माजी खेळाडूंच्या वतीने मी बोललो. जे बोललो त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला मी वस्तीवर गेलो. मामा आता थकलेत, खाटेवरच असतात. मित्राकडे साठेक शेरडं आहेत, आणि हंगामात तो दौलताबादच्या बाजूला सीताफळं-पेरूच्या गाडीवर जातो. त्याने पत्रिका उलटसुलट करून बघितली. माझ्या नावाखाली पदव्या छापल्या होत्या. त्या बोटाने वाचल्या.

"भारी," तो म्हणाला. मग जनावरांकडे बघत, जसं काही वाऱ्याविषयी विचारावं तसं म्हणाला, "एक इचारू का? मघाच आठवलं म्हणून."

"इचार की."

"त्या टायमाला फॉर्म गेला नव्हता, तुला माहीत व्हतं का?"

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. मानेकडे बघत होता. मला ते कळलं, आणि मी मान अजिबात हलवली नाही.

"नाय," मी म्हणालो.

 मग त्याने पत्रिका कोनाड्यात, त्या प्लास्टिकच्या पिशवीवर ठेवली.

"मला वाटलंच. माहीत असतं तर तू सांगितलं असतंस."

आतून मामींनी हाक मारली, ताट वाढलंय म्हणून. मित्राने तांब्या घेतला आणि माझ्या हातावर पाणी घातलं. मी बसलो, आणि तीन भाकरी जेवलो.